रोज सराव करूनही चित्र सुधारत नाही? दोष शोधायचा क्रम

“बाई, रोज काढतोय, पण काही फरक पडत नाही.” चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेची मुलं हे म्हणतात आणि रविवारच्या वर्गाला येणारी मोठी माणसंही म्हणतात. मोठी माणसं त्यापुढे स्वतःच निदान जोडून मोकळी होतात: “मुळात माझ्या हातातच कला नाही.” मी ते निदान आधी बाजूला ठेवते. सुईत दोरा ओवणारा, झोकात सही करणारा तोच हात पेन्सिल धरली की अचानक निकामी होत नाही. बिघाड बहुतेक वेळा बसण्यात, मोजण्यात, बघण्यात नाहीतर सरावाच्या पद्धतीत असतो. तो तसाच ठेवून सराव वाढवला की चूक जात नाही, उलट अंगवळणी पडते.

खालचा क्रम खर्चाप्रमाणे लावलाय. पहिल्या तपासण्यांना पाच मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत. शेवटच्या तपासण्यांना महिने लागतात. लोक नेमके उलट टोकाकडून सुरू करतात. शरीररचनेचं जाडजूड पुस्तक येतं, चोवीस पेन्सिलींचा डबा येतो, आणि कागद मात्र जेवणाच्या टेबलावर आडवाच असतो.

आधी तपासणीसाठी एक चित्र काढा. घरातली साधी लाकडी नाहीतर प्लास्टिकची खुर्ची, तिच्यावर तांब्या. वीस-पंचवीस मिनिटं, काही खोडायचं नाही. तारीख घाला. मग बसल्या जागेवरून, डोळ्यांच्याच उंचीवरून फोनने फोटो घ्या. फार जवळून घेऊ नका. सात-आठ फूट मागे बसा आणि थोडं झूम करा. फोनची साधी लेन्स जवळून धरली की पुढचा भाग फुगवते, म्हणजे साक्षीदारच खोटा निघतो. आता चित्र आणि फोटो शेजारी ठेवून खालची लक्षणं बघा. चेहरे, माणसं, घरं यांची लक्षणं वहीतल्या जुन्या चित्रांत शोधा.

लक्षणं

- काढताना बरं वाटलं, भिंतीला टेकवून उभं केलं की वरचा भाग लांबट, ताणलेला दिसतो: तपासणी १.
- रेघ केसाळ आहे, एका कडेसाठी पाच-सहा रेघा, खोडून खोडून कागद सोललाय: तपासणी २.
- एक डोळा वर एक खाली, किंवा सगळं चित्र एका अंगाला कललंय: तपासणी ३, मग पुन्हा १.
- पाय कागदात मावले नाहीत, किंवा एवढ्या मोठ्या कागदावर तांब्या कोपऱ्यात लिंबाएवढा: तपासणी ४.
- कपाळ बुटकं, डोळे पार वर सरकलेले, डोक्याचा मागचा भाग कापल्यासारखा: ४ आणि ५.
- फोटोवरून जमतं, समोर वस्तू ठेवली की जमत नाही: ४ आणि ५.
- तांब्याचा तळ सपाट, तोंडाला दोन्ही बाजूंना टोकं: थेट ६.
- तासभर शेडिंग करूनही वस्तू सपाट आणि मळकट: ७.
- गणपती झकास येतो, एक ठराविक चेहरा झकास येतो, बाकी काही येत नाही: ८.
- घराच्या भिंती पडायला आल्यासारख्या, माणूस हवेत तरंगतोय: ९.

दोन-तीन लक्षणं एकदम असतील तर लहान आकड्यापासून सुरू करा. पहिली तपासणी नीट झाली की पुढची काही लक्षणं आपोआप जातात, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता नवीन माणसाची पेन्सिल बघायच्या आधी मी त्याचं बसणं बघते.

तपासणी १: कागद कसा ठेवलाय?

टेबलावर आडव्या ठेवलेल्या कागदाची वरची बाजू तुमच्यापासून लांब असते आणि डोळ्याला ती दबलेली दिसते. दबलेलं दिसतं म्हणून हात ते भरून काढायला जास्त लांब काढतो. बसल्या जागेवरून सगळं बरोबर वाटतं. कागद उभा केला की कपाळ वीतभर आणि हनुवटी चिमूटभर. यात हाताचा काही दोष नाही. त्याने डोळ्याला दिसलं तेच केलं.

उपाय: प्लायचा बोर्ड, नाहीतर परीक्षेचं साधं पॅड घ्या. खालची कड मांडीवर, मागची बाजू टेबलाच्या काठावर टेकवा. नजर कागदाच्या मधोमध सरळ पडली पाहिजे. कागद आणि वस्तू दोन्ही मान न वळवता, फक्त डोळे हलवून दिसतील असं बसा. उजव्या हाताने काढत असाल तर उजेड डावीकडून घ्या, म्हणजे स्वतःच्याच हाताची सावली रेघेवर पडणार नाही. आणि दर दहा मिनिटांनी उठून चित्रापासून सहा-सात पावलं मागे जा. ज्यांना उठायचा कंटाळा येतो त्यांची चित्रं जवळून सुंदर आणि लांबून वाकडी असतात.

चाळिशीनंतर शिकणाऱ्यांसाठी इथेच एक पोटतपासणी आहे. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर काचेच्या कडांमधून सरळ रेघ थोडी वाकलेली दिसू शकते, शिवाय लांबचं वरच्या भागातून आणि जवळचं खालच्या भागातून बघायला मान सतत वरखाली होते. मान हलली की माप हललं. चष्मेवाल्याला बोर्डाचं अंतर सांगून काय करता येईल ते विचारा. बाकी, ‘नंबर आहे म्हणून चेहरे लांबट येतात’ ही समजूत सोडून द्या. ज्या डोळ्याने समोरचं बघता त्याच डोळ्याने कागदही बघता. दोष असलाच तर दोन्हीकडे सारखाच लागू होतो.

तपासणी २: पेन्सिल, रबर, कागद

पेन्सिलच्या शिशात शिसं नसतं, ग्रॅफाइट आणि माती असते. फ्रान्समध्ये निकोला-जाक काँते याने १७९५ मध्ये हे मिश्रण भाजून कांड्या करायची रीत काढली. माती जास्त तर कांडी कडक आणि फिकी, ग्रॅफाइट जास्त तर मऊ आणि काळी. तुमच्या कामाला एचबी, २बी आणि ६बी एवढ्या तीन बास. दुकानात मिळणाऱ्या नेहमीच्या कुठल्याही कंपनीच्या चालतात. शार्पनरऐवजी ब्लेडने टोक करा, शिसं सेंटिमीटरभर उघडं ठेवा, म्हणजे तिरकी धरून रुंद छटाही भरता येते.

केसाळ रेघ येते ती धरण्यामुळे. लिहिताना धरतो तशी टोकाजवळ धरली की फक्त बोटं आणि मनगट हलतं, आणि मनगटाची झेप तीन-चार इंचांची. मोठी कड काढायची तर तुकडे जोडत जावं लागतं. पेन्सिल मागे धरा, मनगट स्थिर ठेवा, कोपरापासून आणि खांद्यापासून हात हलवा. पाठकोऱ्या कागदावर दोन ठिपके द्या, टोक न टेकवता हवेत दोन-तीनदा हात फिरवून घ्या, मग एका दमात ठिपके जोडा. पहिल्या दिवशी रेघ ठिपक्याच्या बाजूने जाईल. जाऊ दे.

रबर पिशवीत ठेवा. टाकून द्या म्हणत नाही, पण चुकलेली रेघ लगेच खोडली की ती किती चुकली होती हेच कळत नाही, आणि पुन्हा त्याच जागी तीच रेघ येते. आधी शेजारी बरोबर रेघ हलक्या हाताने काढा, मग चुकलेली खोडा. चुकलेल्या रेघेचा उपयोग एवढाच, पण मोठा.

कागदाबद्दल फार बोलायला नको. सरावाला पाठकोरे, शेडिंगला थोडा खरखरीत कार्ट्रिज. गुळगुळीत झेरॉक्सच्या कागदावर ६बी नीट बसत नाही, घसरते. महागडी स्केचबुक मात्र घेऊ नका. पहिल्या पानावर काय काढावं या विचारात ती कोरीच राहते.

तपासणी ३: आरशात बघा

चित्र आरशासमोर धरा, नाहीतर फोटो काढून फोनमध्ये आडवा उलटा करा. तासभर बघून डोळ्याला चूक सवयीची झालेली असते. उलटं दिसलं की ती नवीन होते आणि चटकन खुपते. चेहरा कललाय, एक खांदा खाली गेलाय, तांब्याचं डावं पोट उजव्यापेक्षा फुगलंय, हे सगळं दोन सेकंदांत समजतं. आरशात बघून पोटात गोळा आला तरी तिथेच थांबू नका. नेमकं काय चुकलं ते चित्राच्या मागे शब्दांत लिहा. ‘वाकडं आलंय’ असं लिहून चालणार नाही. ‘उजवा डोळा दोन मिलिमीटर वर’ असं लिहा.

तपासणी ४: तुम्ही मोजता का?

माझ्याकडे येणाऱ्या चित्रांत सगळ्यात जास्त बिघाड इथे सापडतो. पेन्सिल समोर धरून, एक डोळा मिटून बघायची नक्कल सगळ्यांनी सिनेमात पाहिलेली असते. नक्कल होते, माप होत नाही.

नीट कृती अशी. पाठ खुर्चीला टेकलेली. हात पूर्ण ताठ, कोपर जरासुद्धा वाकवायचं नाही. पेन्सिल नजरेच्या रेषेला काटकोनात, म्हणजे जणू समोर काच आहे आणि पेन्सिल त्या काचेला चिकटली आहे अशी. एक डोळा मिटा. पेन्सिलचं टोक तांब्याच्या काठाला लावा, अंगठ्याचं नख तळापाशी आणा. ही झाली उंची. हात तसाच ताठ ठेवून पेन्सिल आडवी करा आणि पोटाच्या रुंदीशी ताडा. कोपर का वाकवायचं नाही? डोळ्यापासून पेन्सिलचं अंतर बदललं की त्याच तांब्याचं माप बदलतं. पहिलं माप ताठ हाताने आणि दुसरं वाकलेल्या हाताने घेतलं तर दोन वेगळ्या फुटपट्ट्यांनी मोजल्यासारखं होतं.

इथे आणखी एक गफलत होते. पेन्सिलवर आलेलं माप तसंच्या तसं कागदावर टेकवायचं नसतं. तसं केलं की चित्र लिंबाएवढं होतं. मोजायचं ते प्रमाण: रुंदी उंचीत किती वेळा बसते? मान पोटाच्या निम्मी आहे का कमी? म्हणून कागदावर सगळ्यात आधी वस्तू कुठे सुरू होणार आणि कुठे संपणार या दोन आडव्या खुणा करा. मग त्यांचा मध्य काढा आणि खऱ्या वस्तूवर तो मध्य कुठे येतो ते बघा. या दोन खुणा आधी केल्या तर पाय कागदाबाहेर जाऊच शकत नाहीत. डोक्यापासून काढत काढत खाली येणाऱ्यांचेच पाय कापले जातात.

उभ्या रेघेसाठी ओळंबा वापरा. दोऱ्याला चावी बांधली की झाला. तो समोर धरा आणि बघा: खुर्चीच्या पाठीचा कोपरा मागच्या पायाच्या बरोबर वर आहे की आत? माणसाचं चित्र असेल तर मानेच्या खळगीतून ओळंबा सोडा. सगळा भार ज्या पावलावर आहे ते पाऊल त्याच्या आसपास सापडतं. चित्रात ते हातभर लांब असेल तर तुमचा माणूस पडणार.

मोजणं म्हणजे फसवणूक, खरा चित्रकार नुसत्या नजरेने काढतो, असं एका काकांनी माझ्याशी बराच वाद घालून सांगितलं होतं. व्हिन्सेंट व्हॅन गॉग सत्ताविसाव्या वर्षी, १८८० मध्ये, चित्रकलेकडे गंभीरपणे वळला आणि दोन वर्षांनी हेगमध्ये राहत असताना त्याने खास चौकट बनवून घेतली होती. तिच्यात दोरे ताणलेले, त्यांतून समोरचं दृश्य बघून तो प्रमाणं आणि कोन पकडायचा. तुम्ही पुठ्ठ्यात पोस्टकार्डाएवढी खिडकी कापा आणि मधोमध एक उभा, एक आडवा दोरा चिकटवा. कागदावरही तेवढ्याच दोन रेघा हलक्या मारा. महिनाभर वापरली की तिची गरज आपोआप कमी होते.

चेहऱ्यासाठी पाठ करण्यासारखी दोनच मापं देते. मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर असतात. केस धरून मोजा, कपाळापासून नाही. आणि उभा माणूस साधारण सात ते साडेसात डोकी उंच असतो, तर वर्षभराचं बाळ जेमतेम चार. मोठ्याचं चित्र लहान करून काढलेलं बाळ बुटक्या म्हाताऱ्यासारखं दिसतं ते यामुळेच. ही मापं ठोकताळ्याची आहेत. समोर बसलेला माणूस वेगळं सांगत असेल तर त्याचं ऐका.

तपासणी ५: बघता की आठवता?

तपासणीच्या चित्रातल्या खुर्चीकडे या. तिचे चारही पाय सारख्या लांबीचे आले आहेत का? बसायची जागा जवळजवळ चौकोनी आली आहे का? मग तुम्ही खुर्ची बघितली नाही, खुर्चीबद्दल जे माहीत आहे ते काढलंत. माहिती खरी आहे, पाय सारखेच असतात, पण तुमच्या जागेवरून मागचे पाय आखूड दिसतात आणि जागा चपटी दिसते. डोळ्यांचंही तेच. शाळेत शिकलेला बदामाचा आकार आणि मधे गोल बुबुळ हात परस्पर काढून टाकतो. वरच्या पापणीने बुबुळाचा वरचा भाग झाकलाय हे बघायला कोणी थांबत नाही.

औषध: खुर्ची काढूच नका. तिच्या पायांमधल्या, पाठीच्या पट्ट्यांमधल्या रिकाम्या जागा काढा. त्या जागांबद्दल मेंदूला आधीची काही माहिती नसते, त्यामुळे त्याला बघावंच लागतं. सगळ्या रिकाम्या जागा बरोबर बसल्या की मधे उरते ती खुर्ची. दुसरं, एखादा फोटो उलटा करून, डोकं खाली पाय वर, तसाच उतरवा. तिसरं, कागदाकडे न बघता, डावा तळहात नजरेसमोर धरून त्याच्या कडेवरून मुंगीच्या चालीने नजर फिरवा आणि त्याच वेगाने पेन्सिल चालवा. चित्र हास्यास्पद येईल. ते चित्र नसून डोळ्याचा व्यायाम आहे, फ्रेम करायची नाही.

फोटोवरून जमतं आणि वस्तूवरून नाही, याचं कारणही इथलंच. फोटोत खोली आधीच सपाट करून मिळालेली असते. वस्तू समोर असताना ते काम तुम्हाला करावं लागतं. म्हणून फोटोवरून कितीही सराव केला तरी वस्तुचित्राच्या पेपरात त्याचा फारसा उपयोग होत नाही.

तपासणी ६: तांब्याचा तळ

ग्रेड परीक्षेच्या एलिमेंटरीला बसणाऱ्या मुलांच्या वस्तुचित्रात हा दोष इतका ठरलेला असतो की मी बोर्डावरचा कागद उचलला की आधी तळ बघते. तोंड छान लंबगोल, आणि तळाला आडवी सरळ रेघ. विचारलं की उत्तर तयार: “बाई, तांब्या टेबलावर सपाट बसलाय ना!”

आजीची नाहीतर आईची एक बांगडी घ्या. डोळ्यांच्या बरोबर उंचीवर आडवी धरा: नुसती रेघ दिसते. हळूहळू खाली न्या: रेघ उघडत जाते, आधी चिरेएवढी, मग पसरट, आणि पायापाशी नेली की जवळजवळ गोल. नजरेच्या पातळीपासून जितकी खाली, तितकी जास्त उघडी. तांब्याचा तळ तोंडापेक्षा खाली आहे, मग तळाचा लंबगोल तोंडाच्या लंबगोलापेक्षा जास्त उघडा हवा, म्हणजे तळाची दिसणारी कड जास्त वाकलेली हवी. सपाट तर अजिबात नको. तांब्याच्या पोटावर नक्षीची पट्टी असेल तर तिचा बाक या दोघांच्या मधला.

टोकांचं उत्तरही बांगडीतच आहे. ती कितीही चपटी धरा, दोन्ही बाजूंना कोपरा कुठे दिसतोय का? वळतच जाते. मुलं दोन कमानी काढून जोडतात म्हणून टोक येतं. लंबगोल एका फिरत्या हाताने, दोन-तीन फेऱ्यांत हलका काढा, मागची न दिसणारी बाजूसुद्धा, आणि मग नको ती रेघ दाबा.

पेला आडवा पडलेला असेल तर आणखी गोंधळ होतो. तिथे एक नियम लक्षात ठेवा: पेल्याच्या मधून जाणारी दांडी कल्पनेने काढा, लंबगोलाची लांब बाजू त्या दांडीला काटकोनात येते. पेला तिरका पडला की लंबगोलही त्याच्यासोबत तिरका होतो.

हा एक दोष गेला की वस्तुचित्र एकदम ‘मोठ्या माणसाने काढल्यासारखं’ दिसायला लागतं, म्हणून इथे वेळ घालवा असं मी सगळ्यांना सांगते. वाटी, कुंडी, बादली, हंडा, पिंप, सगळीकडे हेच चालतं.

तपासणी ७: उजेड

ट्यूबलाइट बंद करा. चारही बाजूंनी उजेड असला की सावल्या एकमेकींना खातात आणि शेडिंग करायला काही उरतच नाही. एक खिडकी, नाहीतर एका बाजूला एक दिवा, एवढंच ठेवा. मग डोळे किलकिले करून बघा. बारीकसारीक तपशील नाहीसे होतात आणि उजेड, मधली छटा, गडद असे मोठे तुकडे उरतात. आधी तेच भरा.

मळकट शेडिंगचं कारण बहुतेक वेळा भित्रेपणा असतं. सगळ्या छटा मधल्याच, खरा काळा कुठेच नाही. कागदाच्या कडेला पाच चौकोन करा, पहिला कोरा, पाचवा ६बीने जितका होईल तितका काळा, मधले तीन पायरीपायरीने. चित्रातली सगळ्यात गडद जागा त्या पाचव्या चौकोनाशी ताडून बघा. आणि बोटाने घासू नका. बोटाचं तेल कागदाला लागतं, डाग पडतात, आणि कड कुठे वळतेय हे सांगणाऱ्या रेघाही पुसल्या जातात.

तपासणी ८: सराव कशाचा करता?

वही दाखवा म्हटलं की काही जण चाळीस पानं दाखवतात, चाळीसही पानांवर तोच तीन-चतुर्थांश वळलेला चेहरा, तेच केस, हात नेहमी खिशात. हात काढता येत नाहीत म्हणून ते खिशात! हा सराव नाही, हे जमणाऱ्या गोष्टीचं पारायण आहे. ते करायला मजा येते, करा, पण त्याने सुधारणा का होत नाही याचं आश्चर्य करू नका.

सराव म्हणजे एक दोष निवडायचा आणि तो दिसेल असंच काढायचं. या आठवड्यात फक्त लंबगोल. पुढच्या आठवड्यात फक्त हात, तेही खिशाबाहेर. चित्र झालं की आरसा, मग मागे एक ओळ. पुढचं चित्र त्या ओळीपासून सुरू करायचं. रोजची वीस मिनिटं अशी गेली तर रविवारच्या सलग चार तासांपेक्षा जास्त पदरात पडतं, कारण चार तासांतले शेवटचे दोन दमलेल्या डोळ्यांचे असतात.

दुसरं, घराबाहेर काढा. एसटी स्टँडवर, रेशनच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर माणसं एका जागी असतात पण हलत असतात, आणि ती हलतात म्हणूनच हाताला पटकन महत्त्वाचं तेवढं पकडायची सवय लागते. एका माणसाला अर्धा मिनिट. नाक-डोळे नकोत, भार कुठल्या पायावर आहे आणि पाठ कशी वाकली आहे एवढंच. गोव्यातल्या लोटलीचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा तरुणपणी रोजची डायरी चित्रांत लिहायचे. लग्नं, मेजवान्या, गावातली माणसं, सगळं. १९४९ ते १९५१ मधल्या त्यांच्या डायऱ्या पुढे छापूनही आल्या. त्यांच्या पुढच्या चित्रांतली माणसांची गर्दी कुठून आली ते त्या पानांत दिसतं.

घरी आलात की झोपण्याआधी त्यांतलं एक दृश्य न बघता पुन्हा काढा. जे आठवत नाही तेच तुम्ही बघितलेलं नसतं. स्मरणचित्राच्या पेपराची तयारी याहून वेगळी नसते. एका ठोकळ्यातलं ‘बाजाराचं दृश्य’ पाठ करून सगळा वर्ग तेच काढतो, ते मला बघवत नाही.

तपासणी ९: यथादर्शन (पर्स्पेक्टिव्ह) आणि शरीर

इथे खरा अभ्यास सुरू होतो आणि घाई चालत नाही. एकच कळीची गोष्ट सांगते. क्षितिजरेषा म्हणजे तुमच्या डोळ्यांची उंची. सपाट प्लॅटफॉर्मवर तुम्ही उभे असाल तर तुमच्या उंचीची सगळी माणसं, जवळची असोत की लांबची, डोळ्यांनी त्याच एका रेषेवर येतात. फरक पडतो तो त्यांच्या पायांत. लांबच्या माणसाचे पाय वर सरकतात. तरंगणारी माणसं याने जमिनीवर उतरतात. घरांचे छप्पर-पाये त्या रेषेच्या दिशेने कसे उतरतात-चढतात ते समोरच्या गल्लीत उभं राहून पेन्सिल तिरकी धरून ताडा. शरीरासाठी स्नायूंची नावं पाठ करण्याआधी बरगड्यांचा पिंजरा आणि कंबरेचं हाड, हे दोन ठोकळे कुठे कुठल्या बाजूला झुकलेत एवढं पकडा.

कधी थांबायचं आणि कोणाला गाठायचं

अंगठ्यात आणि पहिल्या दोन बोटांत मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, तर सराव थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. पूर्वी स्थिर असलेला हात अलीकडे कापायला लागला असेल तरी तेच. ताठ रेघा वाकड्या किंवा मधेच तुटलेल्या दिसत असतील, कागदावरच्याच नव्हे तर दाराच्या चौकटीच्यासुद्धा, तर नेत्रतज्ज्ञाकडे त्याच आठवड्यात. हे चित्रकलेचे प्रश्न नाहीत.

मूल चित्राच्या तासाआधी रडत असेल, पोटात दुखतं म्हणत असेल, तर ग्रेड परीक्षा एक वर्ष पुढे ढकला. काही बिघडत नाही.

पहिल्या आठ तपासण्या प्रामाणिकपणे तीन-चार महिने करूनही मागची ओळ तीच तीच येत असेल, उदाहरणार्थ वस्तू बदलली तरी ‘डावी बाजू खाली’, तर आता शिक्षक लागतो. तो दोष तुम्हाला दिसतोय पण होतो कधी ते दिसत नाही, आणि ते काढताना शेजारी उभं राहून बघणाऱ्यालाच कळतं. व्हिडिओ तुमच्या कोपराकडे बघत नाही. मानवाकृती शिकायची असेल, किंवा फाइन आर्टच्या प्रवेश परीक्षेला बसायचं असेल, तर तीन-चार महिन्यांची वाटही बघू नका, सरळ वर्ग लावा. समोर बसलेल्या माणसावरून काढायला मिळणं घरी जुळवणं अवघड असतं.

शिक्षक निवडताना एक तास नुसतं बसून बघायची परवानगी मागा. तुमच्या चित्रावर स्वतःच रेघा ओढून ते ‘छान’ करून देणारा नको. घरी नेऊन दाखवायला बरं पडतं, पण ते चित्र त्याचं असतं. शेजारच्या कागदावर करून दाखवणारा, आणि “इथे मोजलं होतंस का?” असं विचारणारा हवा. ‘तुझ्यात कला नाही’ असा निकाल देणारा असेल तर उठून या. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासूनची संस्था, तिने आर. के. लक्ष्मण यांना प्रवेश नाकारला होता. असे निकाल कुठेही चुकू शकतात.

पहिल्या दिवशी जाताना चांगली चित्रं निवडून नेऊ नका. तारीख घातलेली, मागे ओळी लिहिलेली, वाकडी-तिकडी सगळी न्या. तपासणीचं पहिलं चित्र सगळ्यात वर ठेवा, आणि बोर्ड, चावी बांधलेला दोरा, बांगडी सोबत असू द्या.